सूचना : कामगारांशी महिन्याचं बोलणं

सर्व दुकानदार सभासदांना विनंती, महिन्यातून एकदा प्रत्येक कामगाराशी 20 मिनिटं एकट्याने बोला. गल्ल्यावर नको, गिऱ्हाईक आलं की बोलणं तुटतं, आणि बाकीचे ऐकत असले की माणूस 'सगळं ठीक आहे, शेठ' म्हणून मोकळा होतो. पगाराच्या दिवशी तर नकोच. तक्रार त्याच्याच शब्दांत वहीत लिहा, 7 दिवसांत हो की नाही ते कारणासह सांगा. उत्तर मिळालं नाही, की पुढच्या खेपेस तो तोंड उघडत नाही.

विरार-कसाऱ्याहून येणाऱ्याची लोकल रखडली तर अर्धा दिवस कापू नका. जादा कामाचे पैसे 2017च्या दुकाने कायद्याप्रमाणे दुप्पट दरानेच. 10 किंवा जास्त कामगार असल्यास लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे.

— कार्यकारिणी, दादर