पंगतीला एक, सोयरिकीला वेगळे

संपादक साहेब, नमस्कार.

नाताळच्या पुरवणीत तुम्ही आमच्या बडोद्याच्या चर्चबद्दल छापलंत, फोटो मस्त होते, पण त्यात एक वाक्य होतं की ख्रिस्ती समाजात उच्चनीच नसतं, तिथे सगळे सारखेच. मी स्वतः मराठी ख्रिस्ती, फतेगंजात राहतो, एवढं सोपं नाहीये हो ते, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे ह्या विषयावर एक वचन सगळ्यांना पाठ असतं, बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र, अध्याय 3 वचन 28, यहूदी नाही ग्रीक नाही, दास नाही स्वतंत्र नाही, पुरुष नाही स्त्री नाही, ख्रिस्तात सगळे एक. पण ते कुठल्या भांडणानंतर आलंय ते फार कमी लोक सांगतात. त्याच पत्रात एक अध्याय मागे जा, अंत्युखिया शहरात पेत्र, येशूचा मुख्य शिष्य, बिगरयहूदी लोकांबरोबर बसून जेवत होता, मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहूदी माणसं आली आणि बिगरयहूद्यांबरोबर जेवणं त्यांना चालायचं नाही म्हणून हा घाबरून बाजूला झाला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा सरकला, तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. पेत्राला! म्हणजे मुद्दा होता कोण कोणाबरोबर जेवतो ह्याचा. चर्चमध्ये बसायच्या जागेचं प्रकरण वेगळं आहे, ते याकोबाच्या पत्रात आहे, सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला खाली बस म्हणायचं, ते आमच्याकडे बऱ्यापैकी सुटलंय (मोठं डोनेशन देणाऱ्यांची पहिली रांग सोडली तर).

पण घराचं काय? बडोद्याच्या माणसाला ह्यासाठी लांब जायला नको. 1917 साली डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या नोकरीत इथे आले, राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले आणि तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ख्रिस्ती लोक सांगत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांना विचारलं होतं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की हे नवराबायको मूळचे ब्राह्मण, नवरा सुधारला होता पण बायको जुन्याच वळणाची, ती अस्पृश्याला घरात घेणार नाही हे त्यांना नंतर कळलं. त्या दिवशी ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बाप्तिस्मा झालेलं घर होतं ते, आणि रविवारी तिथेही गलतीकरांस पत्र वाचलं जात असेलच की.

आज कोणी असं दारातून परत पाठवत नाही, चहा जेवण सगळं होतं. पण लग्नाचं बोलणं निघू द्या, लगेच हळूच विचारतात, तुम्ही मूळचे कुठले, आजोबांच्या आधी काय होते. सगळ्यांना कळतं काय विचारलंय. तामिळनाडूत ख्रिस्ती कब्रस्तानात दलितांसाठी वेगळी भिंत घातल्याची बातमी वाचून आम्ही चुकचुकतो आणि इथे बायोडेटा बघून मुलगी नाकारतो. (बायकांचं तर बोलूच नका, पंडिता रमाबाईंनी हिब्रू ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं तरी कमिटीत बायकांकडे अजून नाश्ता आणि फुलंच.)

आणि गंमत म्हणजे आम्ही दोन ठिकाणी दोन गोष्टी बोलतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा, काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये सगळ्या शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना, ख्रिस्तींना अजून नाही. दलित ख्रिस्तींनाही तो मिळावा ही मागणी मला पूर्णपणे बरोबर वाटते. पण ती करताना आम्ही सरकारला सांगतो की धर्म बदलून जात गेली नाही आणि रविवारी त्याच लोकांना सांगतो की आपल्यात जात उरलीच नाही! मग धर्म बदललेल्या दलितांना हा दर्जा द्यावा का हे तपासायला 2022 मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगाने नक्की काय ऐकायचं?

आमच्यातले काही म्हणतील घरातलं पेपरात कशाला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलितांबद्दलचं धोरण छापून चर्चमध्ये भेदभाव होतो हे उघड मान्य केलंय, मी काही नवीन फोडत नाहीये.

माझं मागणं छोटं आहे. आमच्या चर्चमध्ये लग्न जुळवायला जे बायोडेटा गोळा करतात त्यात "मूळ समाज" असा रकाना आहे, तो काढून टाका आणि मध्यस्थी करणाऱ्यांनी तोंडी पण विचारू नये असं मी कमिटीला लेखी दिलंय. अजून उत्तर नाही, आलं तर कळवतो.

एक मराठी ख्रिस्ती वाचक,
फतेगंज, बडोदे