बोटांच्या ठशांत मेंदू?

महोदय,

परवा कोथरूडला नातवाच्या शाळेबाहेर एकाने हातात पत्रक कोंबलं: ‘बोटांचे ठसे द्या, मेंदूची जन्मजात जोडणी ओळखा!’ फीचा आकडा अर्थातच नव्हता. अहो, माणसाची जनुकं सुमारे २०,०००, मेंदूतल्या चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. एकेका जोडणीचा हिशेब जनुकांत मावेल कसा? जनुकं वाट दाखवणारी प्रथिनं घडवतात. त्यातलं ‘नेट्रिन’ चेतापेशीच्या वाढत्या तंतूला डाव्या-उजव्या बाजूंमधल्या मध्यरेषेकडे ओढतं, ती ओलांडल्यावर ‘स्लिट’ हे दुसरं प्रथिन मागे फिरू देत नाही. ‘रोबो-३’ जनुक बिघडलं तर काही तंतू पलीकडे जातच नाहीत. अशा मुलांना डोळे डावी-उजवीकडे वळवता येत नाहीत. पुढे कुठल्या जोडण्या टिकतात, ते बघण्या-ऐकण्या-खेळण्यावरही ठरतं. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर नातवाने रिक्षा काढली आहे.

— एक आजोबा, कोथरूड, पुणे