काउंटरमागच्या माणसाला बसायला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या मुंबईतल्या मोठ्या दुकानांवरचा लेख वाचला. व्हाइटअवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही, अकबरअलीज ही नावे पुन्हा छापून आलेली पाहून बरे वाटले. पण लेख फोर्टात सुरू झाला आणि फोर्टातच संपला. व्हाइटअवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, तेव्हा कुठे आमच्या वडिलांसारखी माणसे आत पाऊल टाकायला लागली, तीही गांधी जयंतीची सूट लागली की. गिरणगावात ‘डिपार्टमेंट स्टोअर’ म्हणजे सहकारी भांडार. लेखात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

१९४८ मध्ये नायगावात गिरणी कामगारांसाठी ग्राहक सोसायटी निघाली, तिचाच पुढे ‘अपना बाजार’ झाला. १९६२ च्या युद्धानंतर महागाई वाढली तसा केंद्र सरकारने ग्राहक भांडारांना हात दिला. १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार उघडला. पुढे इकडे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा बझार उभा राहिला आणि खेडेगावातल्या बायका एका छताखाली साडीपासून साबणापर्यंत सगळे घ्यायला लागल्या. १९७२ च्या दुष्काळात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, हे नव्या वाचकांना सांगावे लागते. त्या दिवसांत फळ्यावर भाव लिहिलेला असणे आणि मापात मारणार नाहीत याची खात्री असणे, एवढ्यासाठी लोक दोन गल्ल्या ओलांडून सहकारी भांडारात येत.

सत्तरच्या दशकात मॅट्रिक झाल्यावर मी लालबाग-परळ भागातल्या अशाच एका भांडारात लागले. नाव मुद्दाम देत नाही. किराणा, कापड, भांडी, कटलरी, स्टेशनरी आणि कोपऱ्यात औषधे. मी आधी कटलरीला, मग कापडाला. आजच्या मुलांना गंमत वाटेल, पण तेव्हा माल हातात घ्यायचा आणि पैसे देऊन चालू लागायचे असे नव्हते. गिऱ्हाइकाने सांगायचे, आम्ही काढून दाखवायचे, पसंत पडले की कार्बन घालून कॅश मेमो फाडायचा. ती पावती घेऊन गिऱ्हाईक कॅशच्या खिडकीशी, तिथे शिक्का, मग डिलिव्हरीच्या काउंटरवर पुडा. तीन ठिकाणी रांग. शिव्याही तीन ठिकाणी.

कापडाच्या काउंटरला पितळी पट्टी ठोकलेली होती. ताग्याला हिसका देऊन कापड उलगडायचे, पट्टीवर मोजताना ताणायचे नाही, चार बोटे जास्त सोडायची, कडेला कात्रीने एक टिचकी द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडायचे. तो फर्र आवाज एका दमात आला पाहिजे. मध्ये अडकला की धागा ओढला जातो आणि तो तुकडा कोणी घेत नाही. आमच्या विभागातले एक काका लांबून नुसता आवाज ऐकून ओरडायचे, “पोपलीन आहे गं, पाटलीणबाईचं लुगडं नाही, जपून!” पुडा बांधायची सुतळी वर टांगलेल्या रिळातून यायची. गाठ मारून ती बोटाला पीळ देऊन तोडायची. कात्री घेणारा नवखा समजला जाई.

आमची गिऱ्हाइके सभासद होती, हा खरा फरक. वर्षाला लाभांश मिळे, खरेदीवर रिबेट मिळे आणि वार्षिक सभेत मॅनेजरला उभे करून “तूरडाळीत खडे का?” असे विचारायचा हक्क मिळे. विचारायचेही! काउंटरवर ज्या मावशी रांगेत उभ्या असत, त्याच सभेत पहिल्या ओळीत बसून ताळेबंद वाचून घेत. लेखात फोर्टातल्या दुकानांच्या झुंबरांवर आणि लिफ्टवर बरेच लिहिले आहे. असला मान मला तरी दुसऱ्या कुठल्या दुकानात दिसला नाही.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरण्यांचा पगार झाला की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसे, तो आठवडाच नाहीसा झाला. किराण्याच्या काउंटरवर लोक जुनीच यादी घेऊन यायचे. कागद तोच, घडीवर फाटलेला. फक्त आकडे खोडून खाली नवे घातलेले. साखर पाचाची दोन, पुढच्या महिन्यात एक, मग गूळ. कापडाकडे तर कोणी फिरकेना. गणवेशाची खाकी आणि पांढरे तेवढे खपे. भांडारांना उतरती कळा मॉलमुळे लागली असे सरसकट लिहिले जाते, ते मला पटत नाही. गिरणगावापुरते तरी गिऱ्हाईकच आधी उठून गेले होते. कोणी गावी, कोणी कल्याण-विरारच्या पुढे. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवायला घेतली होती आणि पवईचे पहिले डी-मार्ट २००२ चे, ही गोष्टही लेखकाने जरूर तपासून घालावी.

सगळे सोन्यासारखे होते असे मात्र कोणी समजू नये. जूनअखेरीस साठा मोजायला आम्हाला रात्री थांबवत आणि तूट निघाली तर ती त्या विभागातल्या सगळ्यांच्या पगारातून कापत. बांगड्या फुटल्या तरी तूट, उंदराने कापड कुरतडले तरी तूट. आणि बसायचे नाही. काउंटरमागे स्टूल नव्हते. कोणी खोक्यावर टेकले तर “गिऱ्हाईक आल्यावर उठशील का?” असे ऐकावे लागे. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा तेव्हापासून फुगलेल्या आहेत. माझ्या बरोबरच्या बहुतेक जणींची हीच तऱ्हा.

परवा नातीबरोबर एका मॉलमध्ये गेले होते. थंडगार हवा, मागे गाणी. कपड्यांच्या रॅकजवळ वीस-बावीस वर्षांची मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. मी विचारले, “बसायला देतात का गं?” ती हसली आणि म्हणाली, “आजी, कॅमेरा आहे.” आमच्या वेळी मॅनेजर निदान चहाला तरी जायचा.

केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी आधी कोझिकोडला आवाज उठवला, नंतर त्यांचे लढे झाले आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. महाराष्ट्रात काय स्थिती आहे, कायद्यात काय आहे आणि दुकानात काय आहे, याचा शोध आपल्या वार्ताहराने दादर, ठाणे, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर फिरून घ्यावा. मालकांना नव्हे, काउंटरवरच्या मुलींना विचारावे, आणि तेही दुकानाबाहेर.

जुन्या भांडारांवर पुन्हा लेख करायचा झाला तर आमच्यातल्या काही जणी अजून महिन्यातून एकदा दादरला भेटतात. माझा फोन नंबर पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. वेळ दुपारची ठेवावी, संध्याकाळच्या बदलापूर गाडीत आम्हाला चढता येत नाही.

आपली,
एक निवृत्त विक्रेती
पूर्वी परळ, सध्या बदलापूर