दार ओढून घेतल्याबद्दल

आदरणीय बाई,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. निरोप समारंभात शाल-नारळ घेतानासुद्धा तुम्ही “आटपा की, पोरं उन्हात बसल्यात” म्हणाला होता. तरी लिहितेच.

माझं पहिलं वर्ष. पाचवीचा वर्ग, ४६ पोरं, आणि गणिताचा तास नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांसमोर उभं राहून अपूर्णांक शिकवल्यासारखं वाटायचं. तुमच्याआधीही लोक ‘मदत’ करून गेले होते. एक सर दंगा ऐकून तडक आत शिरले, टेबलावर पट्टी आपटून गरजले. वर्ग चिडीचूप. ते गेले आणि पोरांना कायमचं कळलं, ह्या मॅडमचं काही खरं नाही. दुसऱ्या एकांनी माझ्या टाचणवहीवर, म्हणजे रोजचा पाठ आखायच्या वहीवर, सह्या ठोकल्या. एका पानावर मी चुकून किराण्याची यादी लिहिली होती, शेंगदाणे अर्धा किलो वगैरे. तिच्यावरही सही आहे, तारखेसकट.

मग तो दिवस. वर्ग हाताबाहेर गेलेला, माझा आवाज बसलेला, डोळे भरायला आलेले. व्हरांड्यातून तुम्ही आलात, दारात क्षणभर थांबलात. मला वाटलं, आता ह्याही आत येणार. तुम्ही आत आला नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि बाहेरून दार हळूच ओढून घेतलंत. दंगा ऑफिसपर्यंत जाऊ नये म्हणून.

बाई, पुढं तुम्ही मला पुष्कळ शिकवलंत, पण मी टिकले ती त्या ओढलेल्या दारामुळं.

शाळा सुटताना विचारलंत, “उद्या मागच्या बाकावर बसू का गं? चालंल तुला?” तीस वर्षं शिकवलेली बाई माझी परवानगी मागत होती!

दुसऱ्या दिवशी एकानं १/२ + १/३ = २/५ लिहिलं. मी लाल फुली मारणार, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, “कसं केलंस, सांग बघू.” पोरगं तालमीतलं. म्हणालं, “दोन कुस्त्या खेळलो, एक मारली. परत तीन खेळलो, एक मारली. पाचातल्या दोन मारल्या की ओ बाई!” तुम्ही मनापासून हसलात. “बरोबर हाय तुझं, पण ते कुस्त्यांचं. आता भाकरीचं बघ. अर्धी खाल्लीस, वर आणि तिसरा हिस्सा खाल्लास. मग अर्धीपेक्षा कमी कशी झाली?” पोरगं गप्प. मग त्यानंच चौकटीच्या वहीतली बारा घरांची पट्टी कापली. अर्ध्याची सहा घरं, तिसऱ्या हिश्श्याची चार, मिळून बारातली दहा. म्हणजे ५/६. लसावि हा शब्द त्या दिवशी फळ्यावर आलाच नाही, आणि वर्गात जराही आवाज नव्हता.

त्या रात्रीपासून माझं टाचण बदललं. आधी पोरं कुठं चुकतील ते लिहायचं, मग पाठ. ज्यांचं आधी होतं त्यांच्यासाठी एक जास्तीचं गणित तयार ठेवायचं, कारण खोड्या तीच काढतात. प्रश्न विचारला की मनात सातपर्यंत मोजायचं. ‘कळलं का?’ विचारायचंच नाही, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. त्यापेक्षा पाट्या वर करायला सांगायच्या, एका नजरेत कळतं कोण कुठं अडलंय.

एकदा दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी बसची वाट बघताना तुम्ही म्हणालात, महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला रुपया दंड. “पण आत आलेल्या पोराला दंड करून गणित येत न्हाई बघ.” एवढं बोलून गर्दीतनं बसमध्ये चढलातसुद्धा, माझ्यासाठी जागा धरायला.

आता माझा वर्ग तसा बरा चालतो. एखादा दिवस अजून फसतो, पण रडू येत नाही. तुमच्यासमोर कापलेली ती बारा घरांची पट्टी टाचणवहीत आहे. कोपरे झिजलेत, घडीवर चिकटपट्टी लावलीय. तालमीतलं ते पोरगं आता आठवीत आहे. परवा पट्टी परत मागायला आलं होतं. दिली नाही.

तुमची,
पाचवी ‘ब’ची मॅडम