वाजतं ते आणि मोजता येतं ते : पेंटरकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या सूनबाई तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवतील, तसं त्यांनी कबूल केलंय. तुम्ही आमच्या वर्गात येऊन मुलांना जे शिकवलंत त्याबद्दल दुकानात येऊन आभार मानले तेव्हा तुम्ही "अरे बाप्पा, त्यात काय एवढं!" म्हणून चहा मागवलात आणि विषय संपवलात. माझा विषय संपला नव्हता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. जे माझ्यासारखे मराठी शिकवतात, त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी सातवीला अलंकार शिकवते. श्लेष आला की फळ्यावर 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' लिहायचं आणि जीवन म्हणजे आयुष्य, जीवन म्हणजे पाणीही, असं सांगायचं, ही माझी वर्षानुवर्षांची रीत. मुलं माना डोलावतात. पण पाण्याला 'जीवन' म्हणणारं माणूस त्यांनी घरात, गल्लीत, नळावर कधी ऐकलेलं नसतं. दुसरा अर्थ मीच पुरवायचा, आणि त्यात गंमत कुठे आहे हेही मीच सांगायचं. अशी गंमत कोणाला येणार?

गेल्या डिसेंबरात महाल भागातून घरी जाताना घड्याळ दुरुस्तीच्या टपरीवर तुमची पाटी दिसली. पिवळ्यावर लाल अक्षरं, त्यांना काळी सावली : 'वाईट वेळ दुरुस्त करून मिळेल.' मी गाडी बाजूला घेतली आणि पाटी पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी तेवढी एकच ओळ फळ्यावर लिहिली आणि गप्प उभी राहिले. आधी मागच्या बाकावरून हसू आलं, मग मधून, मग सगळा वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आजीची पण वाईट वेळ सुरू आहे, तिला नेऊ का तिथे?" श्लेष समजला होता. मी एक अक्षरही समजावलं नव्हतं.

मग मी मुलांना सांगितलं, बर्डीवर जा, इतवारीत जा, वर्तमानपत्र उघडा, टीव्ही लावा आणि कानात राहिलेल्या ओळी वहीत घेऊन या. ढीग आला. आपलं नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे बाजाराची अर्धी भाषा हिंदी. ओळीही तशाच आल्या. 'जिंदगी के साथ भी, जिंदगी के बाद भी' यात तोच साचा दोनदा, फक्त 'साथ'च्या जागी 'बाद'. 'दाग अच्छे हैं' हा विरोधाभास. अमूल लोण्याचं 'अटर्ली बटर्ली' 1966 पासून चालत आलेलं, मुलांच्या आजोबांच्याही तोंडी असलेलं. नावं सापडत होती. अनुप्रास, यमक, उपमा असं मुलं भराभर लिहीत होती आणि मी भराभर 'बरोबर'च्या खुणा करत होते.

तेवढ्यात एका मुलानं शिकवणी वर्गाचं पत्रक पुढे केलं. '100 टक्के यश, हाच आमचा ध्यास!' त्यानं विचारलं, "मॅडम, ही अतिशयोक्ती आहे का खोटं आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. 'यश' आणि 'ध्यास' असा काहीसा जुळणारा आवाज आहे, एवढंच म्हणाले. त्याचं समाधान झालं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मलाही घरी जाऊन जेवण गेलं नाही. कारण प्रश्न साधा नव्हता. त्या मुलाच्या घरी त्या वर्गाची फी भरायची की नाही, यावर बोलणं चालू होतं.

म्हणून मी तुमच्याकडे आले, काका. ज्यानं 'वाईट वेळ' लिहिली त्याला हे कळत असेल, असं का कोण जाणे वाटलं. तुम्ही मूर्तिकारांच्या चितार ओळीतल्या गणपतीच्या कामापासून ब्रश हाती धरलेला माणूस. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम किती कमी झालं ते तुम्ही सांगितलंत, पण रडगाणं म्हणून नाही. मी शाळेत येता का विचारलं, तेव्हा एकच विचारलंत, "फळा किती फुटाचा आहे जी?"

त्या शनिवारचे दोन तास मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही खडू लावलेली दोरी ताणून फळ्यावर टाळकन मारलीत, एक सरळ रेघ उमटली आणि एकेचाळीस मुलं चिडीचूप झाली. त्या रेघेला टांगून तुम्ही 'पाणी अडवा' लिहिलंत, त्याच्या बरोबर खाली 'पाणी जिरवा'. म्हणालात, "मोजा अक्षरं." पाच आणि पाच. "खालीवर ठेवलं तर वा-खाली वा येते. यमक कानाले ऐकू येते, तसं डोळ्यालेही दिसते. भिंत रंगवणाऱ्याले आधी दिसते." मी व्याकरण शिकवते, पण यमक डोळ्यांनी पाहायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग 'मुलगी शिकली, प्रगती झाली' लिहिलंत, ली-खाली ली. 'अति घाई, संकटात नेई' लिहिलंत आणि मुलांनी स्वतःच ओरडून ई-खाली ई दाखवली.

एका मुलानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीचं विचारलं, तेही बरं झालं. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!' ही आरोळी नागपूरच्या पोरांनी पुस्तकाआधी ऐकलेली असते. ईडा-पीडा हा जोड जिभेवर का चढतो, हे तुम्ही बडग्याच्या, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, पाटीवरच्या मजकुराशी जोडून दाखवलंत. तो जाहिरातीचा भाग नव्हता, पण ती पंधरा मिनिटं मी मध्येच थांबवली असती तर मला पाप लागलं असतं.

मग त्या मुलानं पुन्हा पत्रक काढलं. तुम्ही ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलंत. आणि जे बोललात ते मी तुमच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवलं आहे : "ओळीत दोन गोष्टी राह्यतात. एक वाजते, एक मोजता येते. वाजते ते वाजू द्या, त्याचा आनंद घ्या. मोजता येते ते मोजून पाहा. शंभर टक्के मोजता येते, पोट्टेहो. किती मुलं बसली, किती पास झाली, विचारा त्याइले."

दमडीच्या तेलाच्या ओघळात उंट पोहून गेला, यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ती अतिशयोक्ती. डिंकाच्या जाहिरातीत माणसांनी लगडलेली बस खड्ड्यांतून जाते आणि एकही माणूस खाली पडत नाही, तीही तशीच. बघणाऱ्याला ठाऊक असतं की ही थाप आहे, आणि थाप मारणाऱ्यालाही ठाऊक असतं की बघणाऱ्याला ठाऊक आहे. '100 टक्के' मात्र खरं वाटावं म्हणूनच लिहिलेलं असतं. घरी जाऊन मी शोधलं. भारतीय जाहिरात मानक परिषद, जी 1985 पासून आहे, तिच्या संहितेत हेच आहे : गंमत म्हणून, नजर वेधायला केलेली उघड अतिशयोक्ती चालते, पण ती शब्दशः खरी मानली जाईल अशी नसावी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं 2022 ची. तुम्ही यातलं काही वाचलेलं नव्हतं. तुम्ही पाट्या लिहिल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या वह्यांत अलंकाराच्या नावाआधी दोन रकाने असतात : 'वाजतं' आणि 'मोजता येतं'. 'गुलाबासारखी कांती' पहिल्यात. 'सात दिवसांत उजळ' दुसऱ्यात. 'हर घर कुछ कहता है' पहिल्यात, आणि त्याखाली एका मुलीनं लिहिलंय, 'घर बोलतं म्हणून चेतनगुणोक्ती, आमचं पण बोलतं, पावसाळ्यात.' विको टर्मरिक क्रीमच्या ओळीवर मात्र भांडण झालं. कॉस्मेटिक-आयुर्वेदिक हे वाजतं नक्की. पण ते सौंदर्यप्रसाधन धरायचं की औषध, यावर उत्पादन शुल्काचा वाद कोर्टात कित्येक वर्षं चालला, हे मी सांगितल्यावर ती ओळ दोन्ही रकान्यांत गेली. मला ते भांडण फार आवडलं.

आणि ती चांदणी! छापील जाहिरातीत कोपऱ्यात जी बारीक चांदणी असते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'अटी लागू', ती तुम्ही दाखवलीत. "भिंतीवर एवढं बारीक लिहायले ब्रशच नसते. जे बोलायचं ते मोठ्यानंच बोला लागे," म्हणालात. आता मुलं जाहिरात हाती आली की आधी चांदणी शोधतात.

तुम्हाला अजून एक सांगायचं राहिलं. ज्या मुलीच्या आईसाठी तुम्ही पत्र्याची पाटी फुकट रंगवून दिलीत, तिनं ओळ कशी केली ते तुम्हाला ठाऊक नाही. आईचा कुरडया-पापडांचा घरचा उद्योग. तिनं आधी लिहिलं होतं, 'उन्हात वाळली, तेलात फुलली, नागपुरात सर्वांत स्वस्त!' मी काही बोलले नाही. ती स्वतःच वही घेऊन इतवारीत गेली, चार दुकानांत कुरडईचा किलोचा भाव विचारून आली. दोन ठिकाणी आईपेक्षा कमी भाव निघाला. परत येऊन तिनं शेवटचे तीन शब्द रेघ मारून खोडले. आई रागावली, म्हणे गिऱ्हाईक येईल कसं? पोरगी म्हणाली, "ते मोजता येते ना, आई." तुमच्याकडे आली ती उरलेली ओळ घेऊन. सहा अक्षरं वर, सहा खाली, ली-खाली ली.

पत्रक आणणाऱ्या मुलाच्या वडिलांनी शिकवणी वर्गात जाऊन तुम्ही सांगितलेले दोन आकडे विचारले. ते मिळाले नाहीत. फी त्यांनी भरली नाही. मुलगा आता शाळा सुटल्यावर माझ्याकडे गणितासाठी नाही, पण निबंधासाठी थांबतो, आणि गणित त्याची ताई घेते.

काका, तुमचा शून्य नंबरचा ब्रश त्या दिवशी वर्गातच राहिला. मी तो धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. न्यायला शनिवारी या, सकाळी साडेनऊला. फळा पुसून ठेवते. दोरी मात्र तुमचीच आणा, आमच्या दोरीनं रेघ तशी उमटत नाही.

तुमची,
सातवीच्या वर्गाची मराठीची मॅडम
नागपूर