जुन्या पॅकेजला हात लावायची भीती

मा. संपादक,

हजारो प्रोजेक्ट ज्याच्यावर उभे आहेत असं एखादं सॉफ्टवेअर पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला, आयता वापरायचा कोड) वर्षानुवर्षं कुणी अपडेटच करत नाही, कारण हात लावला की वरचं सगळं मोडेल. भीती खोटी नाहीये, २०१६ मधे लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं ऑनलाइन कोठार) काढलं तर जगभर बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची कामं, अडकली. पण डिसेंबर २०२१ मधे लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या जावा पॅकेजमधलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं तेव्हा कित्येक टीमना आपण ते वापरतोय हेच माहीत नव्हतं, दुसऱ्याच पॅकेजच्या पोटात बसलेलं ना ते! माझं मत, एकदम उडी नको, एकेक व्हर्जन वर न्या, दरवेळी टेस्ट चालवा, जुनं फंक्शन काढायच्या आधी वॉर्निंग द्या. आणि असं पॅकेज सांभाळणारा बऱ्याचदा एकटाच, बिनपगारी असतो, त्याला वापरणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यायलाच हवेत.

- एक प्रोग्रामर