क्रमाने सांगता आलं नाही म्हणून मी खोटी ठरते का? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: अत्याचारग्रस्त व्यक्तीचा जबाब घेणाऱ्या पोलिसांना आघात आणि स्मरणशक्ती यांचं शास्त्र शिकवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून एका पानात आटोपणार होते. गेल्या गुरुवारनंतर ते जमेल असं वाटत नाही.

गुरुवारी माझा उलटतपास झाला. बंद दालनात, नियमाप्रमाणे. आरोपीच्या वकिलांनी माझी फिर्याद आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा माझा जबाब असे दोन कागद शेजारीशेजारी धरले आणि पावणेदोन तास ते एकमेकांशी ताडत राहिले. फिर्यादीत आधी दाराची कडी लागली, मग मोबाइल हिसकावला. जबाबात आधी मोबाइल, मग कडी. फिर्यादीत शर्ट निळा, जबाबात रंगच नाही. "मग बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" मला उत्तर देता आलं नाही. साक्षीदार निरुत्तर राहिली, एवढी नोंद तेवढी झाली.

मला काय आठवतं ते इथे लिहिते, कारण ते मला कुणी विचारलेलंच नाही. शेजारच्या घरात कुकर लागला होता. तीन शिट्ट्या पूर्ण झाल्या, चौथी अर्ध्यात थांबली, कुणीतरी गॅस बंद केला असावा. भिंतीवरचं कालनिर्णय पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं आणि त्याची वरची पत्र्याची पट्टी खिळ्यावर घासून किरकिर करत होती. ऑगस्ट उजाडून बारा दिवस झाले होते, मी पान उलटलं नव्हतं, जुलैच होता. त्या पानावरची पौर्णिमा कुठल्या चौकटीत होती ते आजही डोळे मिटून सांगेन. आजही कुणाच्या घरी कुकर झाला की मी उठून अंगणात जाते. कडी आधी की मोबाइल आधी, ते मात्र मला खरोखर माहीत नाही. त्या रात्रीही माहीत नव्हतं.

मग फिर्यादीत ते आलं कसं? ठाण्यात रात्री साडेअकराला मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोरचे साहेब दोन बोटांनी टाइप करत होते. "क्रमाने सांगा. आधी काय, मग काय." मी कुकरपासून सुरू केलं तर म्हणाले, स्वयंपाकाचं राहू द्या, मुद्द्याचं सांगा. मी रडत, थांबत, मागेपुढे जात जे बोलले त्याचा कागदावर उतारा झाला तो असा: "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारलेवरून फिर्याद लिहून देते की, सदर इसमाने प्रथम दरवाजाची कडी लावून तद्नंतर..." साहेब, हे 'प्रथम' आणि 'तद्नंतर' माझे नाहीत. अशी मराठी मी जन्मात बोललेली नाही. गोष्ट सरळ रेषेत बसवण्यासाठी ते शब्द त्यांनी घातले आणि खाली सही माझी घेतली. शर्टाच्या रंगाचंही तेच. "निळा होता का?" असं विचारलं, मी मान हलवली, कारण मला घरी जायचं होतं. आज दीड वर्षाने मला जी विसंगती दाखवतात ती माझ्या दोन बोलण्यांतली नाहीच. एक माझं बोलणं आहे, दुसरं टाइप करणाऱ्याचं.

आणि वैद्यकीय अहवाल. तपासणीच्या अहवालात स्त्रीची सर्वसाधारण मानसिक स्थिती नोंदवली पाहिजे असं कायदाच सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 184 मध्ये आहे. माझ्या अहवालात त्या ओळीपुढे दोन शब्द आहेत: शुद्धीवर, शांत. हे 'शांत' गुरुवारी मोठ्याने वाचलं गेलं. एवढं झालेली बाई शांत कशी? मी शांत नव्हते हो. मी माझ्या अंगात नव्हतेच. डॉक्टर कुणाशी तरी बोलतायत आणि मी छताजवळून बघतेय, असं मला वाटत होतं. आघातानंतर माणूस असा सुन्न पडतो, स्वतःपासून तुटतो, हे मनोविकारशास्त्राच्या पुस्तकात आहे. त्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, माझी तक्रार एवढीच आहे.

त्या दीड वर्षात मी मिळेल ते वाचलं. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका दिसला की तो सगळं अंग ताब्यात घेतो. विचार करणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्या वेळी मागे पडतो. आणि घडलेल्या गोष्टींवर वेळेचा आणि जागेचा शिक्का मारणारा हिप्पोकॅम्पस त्या रसायनांच्या माऱ्यात नेहमीसारखं काम करत नाही. म्हणून ज्यावर लक्ष खिळलं ते आवाज, वास, चित्र दगडावर कोरल्यासारखं राहतं, आणि आजूबाजूचं, कशानंतर काय झालं ते, पुसट होतं. माझा कुकर पक्का आणि कडी कच्ची, त्याचं कारण हे.

"ओरडली का नाहीस?" हे मला पाच जणांनी विचारलं. ठाण्यात, दवाखान्यात, सासरी, कोर्टात, आणि एकदा माझ्या सख्ख्या मावशीने. स्टॉकहोममध्ये तातडीच्या उपचारकेंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांचं अंग अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात गोठलं होतं, 48 टक्क्यांचं अतिशय जास्त. पण स्वीडनपर्यंत जायचं कशाला? आपल्या मराठीत दातखीळ बसते, वाचा बसते, हातपाय गळतात, पाय जमिनीला खिळतात. माझी आजी निरक्षर होती, तिला हे ठाऊक होतं. बिबट्या दिसल्यावर गडी ओरडला नाही तर गावात कुणी त्याला विचारत नाही की तुझी संमती होती का. बाईच्या बाबतीतच ही सगळी मराठी ठाण्याच्या पायरीवर कशी विसरली जाते?

आणि कायद्यालाही हे कळलेलं आहे, हेच तर दुखतं. साक्षीदाराच्या मनात व्हिडिओ टेप परत लावल्यासारखी घटना उलगडत नसते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच एका निकालात म्हटलं. निव्वळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही, हे 2013 पासून कायद्यात लिहिलेलं आहे. जबाबाचं दृकश्राव्य चित्रण करता येईल, हेही नव्या संहितेत आहे. 'करता येईल'. माझ्या वेळी केलं नाही. केलं असतं तर 'तद्नंतर' कुणाचं ते गुरुवारी सगळ्यांनी पाहिलं असतं.

हे आपल्या राज्यातलं पहिलंच दुखणं नाही. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचं नाव सगळे घेतात, मी मुद्दाम लिहीत नाही. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नाही. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं होतं. देश हलला, 1983 मध्ये कायदा बदलला. आणि मी 2024 साली दुसऱ्या ठाण्यात बसून तोच प्रश्न ऐकला. बावन्न वर्षं, महोदय.

मेंदूचं शास्त्र सरकारला परकं आहे असंही म्हणता येत नाही. आरोपीच्या डोक्यात काय दडलंय ते बघायला ब्रेन मॅपिंग आणि नार्को आपल्याच राज्यात गाजले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये मेंदूच्या अशा चाचणीचा आधार घेऊन शिक्षाही दिली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे मेंदूतून गुन्हा उपसायचा होता तेव्हा यंत्रं आली, तज्ज्ञ आले. जिच्यावर गुन्हा घडला तिचा मेंदू कसा चालतो, हे ठाण्यातल्या एका उपनिरीक्षकाला शिकवायला मात्र एक तास निघत नाही. न्यायसहायक विज्ञान म्हणजे फक्त रक्ताचे डाग आणि डीएनए, असं कुणी ठरवलं? जबाब हाही पुरावाच आहे ना? पंचनाम्यातली बाटली सीलबंद करता, तिला कुणी हात लावू नये म्हणून लाख लावता. माझी आठवण साडेअकरा वाजता कुणीही हाताळली.

वर्षभरापूर्वी आमच्या जिल्ह्यात महिला सुरक्षेचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावरून एका मोठ्या अधिकाऱ्यांनी शब्द दिला की सहा महिन्यांत प्रत्येक ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण मिळेल. मी तिसऱ्या रांगेत होते, मी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये माहिती अधिकारात विचारलं, किती जणांना मिळालं? उत्तर आलं: निरंक. एक शब्द. त्यावर गोल शिक्का.

2022 या एका वर्षात बलात्काराचे देशात 31,516 आणि महाराष्ट्रात 2,904 गुन्हे नोंदले गेले. निकाल लागलेल्या शंभर खटल्यांत शिक्षा सत्तावीस-अठ्ठावीसांत. उरलेल्या बहात्तर-त्र्याहत्तर जणी सगळ्या खोट्या का? आणि ज्या ठाण्याच्या दारातूनच परत फिरल्या त्या कुठल्या रकान्यात? दर वेळी काही भयंकर घडलं की सभागृहात फाशीची मागणी होते, मेणबत्त्या लागतात. अशा गुन्ह्यांना फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, अमलात कधी आलंच नाही. फाशीवर बोलायला सगळे पुढे येतात. पहिला प्रश्न कसा विचारायचा यावर कुणी एक बैठक घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अत्याचारग्रस्तांना मदत देणारी मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. तिच्या अर्जासाठी मी गेले तेव्हा पासबुक मागितलं, फिर्यादीची प्रत मागितली. झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. मला रात्री दोनच्या पुढे झोप लागत नाही.

मी काय मागते ते सांगते. नाशिकच्या पोलीस अकादमीत आणि प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात हा विषय परीक्षेसह असावा, मानसतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक डॉक्टर दोघांनी मिळून शिकवावा. "काय झालं ते तुम्हाला जमेल तिथून सांगा, काय ऐकू आलं, कसला वास आला" अशी सुरुवात करायला शिकवा. रंग सुचवू नका. नाही आठवत, हे उत्तर 'नाही आठवत' असंच लिहा. माझे शब्द माझ्याच बोलीत राहू द्या आणि चित्रण 'करता येईल' वर न सोडता सक्तीचं करा. डॉक्टरांना मानसिक स्थितीची ती एक ओळ भरायला शिकवा. त्यासाठी वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांशी बोलावं लागेल, तर बोला, आपण एकाच मंत्रिमंडळात बसता. आणि सरकारी वकिलांना असा तज्ज्ञ साक्षीदार उभा करायची मुभा आणि पैसे द्या. माझ्या वकिलांकडे एका वेळी किती खटले असतात ते मी मोजलं नाही, पण गुरुवारी ते माझी फाइल दालनाबाहेर उभ्याने वाचत होते.

चौथीच्या मुलांना एक स्वाध्याय असतो, 'घटनांचा योग्य क्रम लावा'. ससा झोपला, कासव पुढे गेलं, असे तुकडे द्यायचे आणि आकडे घालायला सांगायचे. दीड वर्षात तो स्वाध्याय मी एकदाही घेऊ शकलेले नाही. शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन घेतात, मी तोवर त्यांच्या वर्गावर पाढे घेते. मुलं विचारतात, बाई तुम्ही का नाही घेत.

कायद्याप्रमाणे माझ्या लेखी परवानगीशिवाय माझी ओळख उघड करता येत नाही, आणि ती परवानगी मी दिलेली नाही, म्हणून खाली नाव नाही. गुन्हा क्रमांक आणि ठाण्याचं नाव आपल्या कार्यालयाला बंद लिफाफ्यात वेगळं पाठवलं आहे, पोचपावती माझ्याकडे आहे. माझा उरलेला उलटतपास पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता आहे.

आपली,
एक फिर्यादी